हुकूम आणि पावती यांच्या दरम्यान : गेस्ट मेमरीच्या सुरक्षेचा आढावा

एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक लहान संगणक चालत असल्याचा आभास निर्माण करण्याची विद्या आता साठीच्या घरात पोहोचली असली, आणि सामान्य माणसाच्या नित्य व्यवहारातील कितीतरी नोंदी आज अशा आभासी यंत्रांवरच उमटत असल्या, तरी या विद्येतील एक प्रश्न असा आहे की जो प्रत्येक पिढीत सुटल्याचे जाहीर होते आणि पुढच्या पिढीत तो नव्या वेषाने पुन्हा दारात उभा राहतो. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे गेस्ट, आपल्या मेमरीतील एक जागा दाखवून ‘डिस्कवरील अमुक मजकूर येथे आणून ठेवा’ असा हुकूम देतो. होस्ट, म्हणजे ज्या मूळ संगणकावर गेस्ट चालतो तो, हा हुकूम स्वीकारतो, प्रत्यक्ष काम कर्नलकडे वा उपकरणाकडे सोपवतो आणि गेस्टला त्याच्या इतर उद्योगांसाठी मोकळे सोडतो. काम पुरे झाल्याची पावती काही मायक्रोसेकंदांनी, कधी मिलिसेकंदांनी, आणि नेटवर्कवरील साठवण रुसली असेल तर काही मिनिटांनीही येते. या मधल्या काळात ती जागा कोणाच्या ताब्यात असते, आणि त्या ताब्याची मुदत नेमकी केव्हा संपते, हा तो प्रश्न.

एकाच प्रोग्रॅमच्या आत असा व्यवहार चालतो तेव्हा जागा देणारा आणि जागा वापरणारा हे दोघेही एकाच लेखणीतून उतरलेले असतात, आणि पावती येईपर्यंत त्या जागेला हात लावायचा नाही एवढा संकेत पाळला की भागते. येथे मात्र गेस्ट हा होस्टच्या दृष्टीने परका इसम, प्रसंगी वैरीही. त्याची समग्र मेमरी वस्तुतः होस्टवरील एका साध्या प्रोसेसच्या पत्त्यांत मांडलेली. आणि हुकूम देऊन झाल्यावर त्याचे प्रोसेसर काही स्वस्थ बसत नाहीत. ते त्याच जागेवर पुन्हा लिहू शकतात, तीच जागा दुसऱ्या उपकरणाला देऊ शकतात, उपकरण रीसेट करू शकतात, किंवा ती जागा ज्या मेमरी मॉड्यूलवर आहे ते मॉड्यूलच काढून नेण्यास संमती देऊ शकतात. गेस्टने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला तर त्याला आडवे जाण्याचे होस्टला प्रयोजन नाही. तो धोंडा होस्टच्या किंवा शेजारच्या गेस्टच्या पायावर पडू नये, एवढे पाहणे त्याला क्रमप्राप्त आहे. परंतु ज्या गेस्टने सर्व नियम पाळले त्याच्या मजकुराला धक्का लागणार नाही, ही दुसरी हमीही होस्टनेच दिलेली असते. या दोन जबाबदाऱ्यांची गल्लत झाल्यामुळे या विषयावरील पुष्कळशी चर्चा भरकटते असे माझे मत आहे. कारण पहिली चोख सांभाळणारी रचना दुसरीत सपशेल नापास होऊ शकते.

प्रश्नाचा उगम पाहण्यासाठी १९६० च्या दशकात जावे लागते. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएमचे जे शास्त्रीय केंद्र होते, तेथे प्रथम सीपी-४० आणि पाठोपाठ सीपी-६७ ही नियंत्रक प्रणाली सिद्ध झाली, आणि तिची वंशज व्हीएम/३७० ही १९७२ साली जाहीर झाली. या यंत्रांत डिस्क आणि टेप यांचा कारभार ‘चॅनेल’ नावाच्या स्वतंत्र घटकाकडे असे. मुख्य प्रोसेसरने मेमरीत आठ-आठ बाइटांच्या हुकुमांची एक माळ रचून चॅनेलला तिचा ठिकाणा सांगावा, की चॅनेल ती माळ स्वतः वाचून आपल्या गतीने काम उरकत असे. पत्त्यांचे भाषांतर करण्याची सोय प्रोसेसरला होती, चॅनेलला नव्हती. त्यामुळे गेस्टने लिहिलेला पत्ता चॅनेलने जसाच्या तसा प्रमाण मानला असता तर तो भलत्याच गेस्टच्या मेमरीत जाऊन लिहून आला असता. म्हणून नियंत्रकाने गेस्टच्या माळेची स्वतःच्या मेमरीत नक्कल करावी, नकलेतील प्रत्येक पत्ता खऱ्या पत्त्यात बदलावा, संबंधित पाने मेमरीत आणून जखडून ठेवावीत आणि काम संपल्याचा इंटरप्ट आल्यावरच ती मोकळी करावीत, असा क्रम ठरला. हुकुमाची नक्कल, पत्त्याची रुजुवात आणि पावतीपर्यंत पानाची जखडणूक, हे आजही वापरात असलेले तिन्ही उपाय तेव्हाच पूर्णत्वाने सिद्ध झाले होते, ही गोष्ट आपल्या क्षेत्रातील तरुण मंडळींना सहसा ठाऊक नसते.

त्या उपायांतील एकाची मर्यादाही तेव्हाच उघड झाली. ओएस/३६० मधील आयसॅम ही अनुक्रमणिकेच्या आधारे नोंदी शोधण्याची पद्धत आपल्या माळा अशा रीतीने रचत असे की, माळेतील आधीचा हुकूम डिस्कवरून जे वाचून आणी तेच त्या माळेतील पुढच्या हुकुमावर जाऊन बसे, आणि चॅनेल त्या ताज्या हुकुमाप्रमाणे पुढची वाट धरी. प्रत्यक्ष यंत्रावर हे निर्वेध चाले. आभासी यंत्रावर मात्र मजकूर जाऊन बसे तो गेस्टच्या मूळ माळेवर, आणि चॅनेल वाचत असे ती नियंत्रकाची नक्कल, जी या बदलापासून पूर्ण अलिप्त. अशा गेस्टसाठी व्हीएम/३७० मध्ये त्याच्या नावापुढे स्वतंत्र सवलत नोंदवून ठेवावी लागे. नक्कल घेतल्याने लबाड गेस्टपासून संरक्षण मिळते, पण जो प्रामाणिकपणे आपला हुकूम मार्गात असताना बदलू इच्छितो त्याची फसगत होते. आणि कोणता बदल लबाडीचा व कोणता प्रामाणिक हे नियंत्रकाला बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी कोणते यंत्र आभासी करता येते याचा जो गाजलेला सिद्धांत मांडला, त्यात विवेचन सुटसुटीत राहावे म्हणून इनपुट-आउटपुटचा विचारच बाजूला ठेवला होता. सिद्धांत निर्दोष आहे. पण पुढची पन्नास वर्षे अभियंत्यांना छळणारा मजकूर नेमका त्या वगळलेल्या भागात राहिला.

मधली वर्षे सोडून एकविसाव्या शतकात आलो की दोन नावे प्रथम भेटतात. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात तयार झालेल्या झेन या आभासी यंत्रांच्या नियंत्रकाचा शोधनिबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात गेस्टला आपण आभासी यंत्रावर आहोत याची जाणीव दिलेली होती, आणि पुढे त्यातूनच ग्रँट टेबल ही व्यवस्था रूढ झाली, जिच्यात गेस्टने आपले अमुक पान अमुक दुसऱ्या डोमेनला, म्हणजे दुसऱ्या आभासी यंत्राला, वापरण्यास दिल्याचा परवाना नोंदवावा आणि काम झाल्यावर तो मागे घ्यावा. परवाना देणे सोपे. पण मागे घेणे हे स्वतःच एक असिंक्रोनस कर्म आहे. लिनक्समधील काही ड्रायव्हर ‘हे पान अद्याप वापरात आहे काय’ असे आधी विचारीत आणि ‘नाही’ असे उत्तर आल्यावर परवाना रद्द करून पान इतर कामास लावीत. त्या विचारणेच्या आणि रद्द करण्याच्या मधल्या निमिषात समोरच्याने पान पुन्हा जोडून घेतले तर परवाना रद्द होत नसे, आणि ड्रायव्हर मात्र पान मोकळे झाले असे समजून चाले. झेनच्या ३९६ व्या सुरक्षापत्रकाने २०२२ च्या मार्चमध्ये हा दोष जाहीर केला, आणि ती विचारणाच कर्नलमधून काढून टाकण्यात आली. विचारणा आणि कृती अशा दोन पायऱ्या ठेवण्याऐवजी एकच पायरी ठेवावी व तिचा निकाल तपासावा, हे तात्पर्य कारकुनी थाटाचे वाटेल. तथापि या क्षेत्रातील निम्मे अपघात दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीतच झालेले आहेत असे मी धाडसाने म्हणेन.

दुसरे नाव व्हर्टआयओचे. रस्टी रसेल यांनी २००८ साली मांडलेल्या आणि पुढे प्रमाणित झालेल्या या पद्धतीत गेस्ट आणि होस्ट यांच्यामध्ये सामायिक मेमरीतील एक रांग असते. तिच्यातील प्रत्येक डिस्क्रिप्टर सोळा बाइटांचा, आणि त्यात जागेचा पत्ता, लांबी, काही खुणा व साखळीतील पुढच्या डिस्क्रिप्टरचा क्रमांक एवढाच ऐवज. व्हीएम/३७० मधील माळेचेच हे सुटसुटीत रूप. आणि जुनी जोखीमही तीच, की माळ ज्या मेमरीत आहे ती गेस्टला कोणत्याही क्षणी बदलता येते. होस्टने लांबी वाचली, मर्यादेत आहे असे पाहिले, आणि पुढे नक्कल करताना ती पुन्हा मेमरीतून वाचली, तर मधल्या काळात गेस्टच्या दुसऱ्या प्रोसेसरने तेथे भलताच आकडा लिहिलेला असू शकतो. यास दुहेरी वाचनाचा दोष म्हणतात. सावध लेखक अर्थातच एकदाच वाचतो. परंतु २०१५ च्या डिसेंबरात झेनच्या १५५ व्या सुरक्षापत्रकाने जे दाखवले ते सावध लेखकालाही अस्वस्थ करणारे होते. मूळ प्रोग्रॅममध्ये वाचन एकदाच लिहिलेले होते, पण सामान्य मेमरी मध्येच बदलत नाही या गृहीतावर चालणाऱ्या कंपायलरने आपल्या सोयीसाठी त्या एका वाचनाची दोन वाचने करून टाकली होती, आणि त्यामुळे होस्टच्या बाजूचा ड्रायव्हर गेस्टच्या हाती सापडण्याची शक्यता निर्माण झाली होती. मूळ मजकूर कितीही तपासला असता तरी हा दोष दिसला नसता. त्यानंतर विनंती प्रथम खासगी जागेत उतरवून घ्यायची, त्या वाचनाला कंपायलरने हात लावू नये अशी स्पष्ट ताकीद द्यायची, आणि त्यापुढे सामायिक मेमरीकडे ढुंकूनही पाहायचे नाही, असा दंडक पडला.

हा दंडक हुकुमाला लागू होतो, ऐवजाला नाही. चार मेगाबाइटांचा मजकूर डिस्कवर लिहायचा असेल तर त्याची नक्कल करणे परवडत नाही. गेस्टच्या पानांतूनच तो थेट उपकरणाकडे जातो, आणि जात असताना गेस्ट तो बदलू शकतो. साध्या डिस्कवर याचा परिणाम एवढाच की अर्धा जुना व अर्धा नवा मजकूर लिहिला जाईल, आणि ती गेस्टची स्वतःची करणी. पण होस्टवर बीटीआरएफएससारखी, प्रत्येक खंडाची चेकसम ठेवणारी फाइल सिस्टिम असेल तर चेकसम काढल्यानंतर आणि मजकूर डिस्कवर पोहोचण्यापूर्वी झालेला बदल हा पुढे कधीतरी ‘डिस्कवरील मजकूर बिघडला आहे’ अशा तक्रारीच्या रूपाने होस्टच्या व्यवस्थापकापुढे येतो, आणि तो बिचारा निर्दोष डिस्क बदलून पाहतो. दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवणाऱ्या रेडमध्ये तर दोन्ही प्रती परस्परांशी न जुळणाऱ्या निघतात. येथे सुरक्षेचा भंग झालेला नाही, नियमाचाही कदाचित नाही. फक्त ज्या थराने मजकूर स्थिर असल्याचे गृहीत धरले, त्याला ते गृहीत कोणी लेखी दिलेले नव्हते.

आता जागेच्या अस्तित्वाकडे वळू. फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला, गेस्टची उपकरणे सांभाळणारा क्यूईएमयू आणि २००७ च्या प्रारंभी लिनक्स २.६.२० मध्ये दाखल झालेला, गेस्टचे प्रोसेसर चालवणारा केव्हीएम, या जोडीवर आजचे पुष्कळसे क्लाउड उभे आहे, आणि गेस्टच्या पत्त्याचे होस्टच्या पॉइंटरमध्ये रूपांतर करण्याची त्यांची रीत अभ्यासण्याजोगी आहे. क्यूईएमयूमध्ये उपकरणाने गेस्टचा पत्ता आणि लांबी देऊन ‘मॅप’ची मागणी करायची, उत्तरादाखल पॉइंटर मिळतो, आणि त्याच वेळी ज्या मेमरी-क्षेत्रातून तो दिला त्याच्या धन्याच्या नावे एक संदर्भ जमा होतो, काम संपल्यावर ‘अनमॅप’ केले की तो संदर्भ वजा होतो. समजा, डिस्कवरील वाचन चालू असताना गेस्टने तेच मेमरी मॉड्यूल काढून घेण्यास मान्यता दिली. तर ते गेस्टच्या नकाशातून तत्काळ नाहीसे होते, पण मागची खरी मेमरी शेवटची पावती येईपर्यंत मुक्त केली जात नाही. नकाशा स्वतः बदलत असताना तो वाचणाऱ्या थ्रेडांचे काय, याचे उत्तर म्हणून २०१५ च्या सुमारास आरसीयू ही कर्नलमधील पद्धत तेथे आणण्यात आली : जुना नकाशा ज्यांच्या हाती आहे ते त्यांचे वाचन संपवीपर्यंत तो जिवंत राहतो, नवीन येणाऱ्यास नवा मिळतो. ही व्यवस्था पाळली गेली तर उत्तमच. पण ती पाळणे हे प्रत्येक उपकरणाच्या लेखकाच्या इमानावर सोपवलेले आहे. सी भाषेत एकदा हाती आलेला पॉइंटर अनमॅपनंतरही हातातच राहतो, आणि त्याची मुदत संपल्याचे त्याच्यावर कोठेही लिहिलेले नसते.

अनमॅपचे दुसरेही एक कर्तव्य आहे. व्हर्च्युअल मशीन चालू अवस्थेतच एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवण्याची कला केंब्रिज विद्यापीठातील मंडळींनी २००५ साली एका खेळाच्या सर्व्हरवर अवघ्या साठ मिलिसेकंदांच्या खंडाने करून दाखवली, तेव्हापासून तिची पद्धत स्थूलमानाने तीच आहे : मशीन चालू असतानाच मेमरी पाठवत राहायची, पाठवल्यानंतर जी पाने बदलली त्यांची नोंद ठेवायची, आणि ती पुन्हा पाठवायची. केव्हीएम ही नोंद ठेवतो ती मुख्यतः गेस्टच्या प्रोसेसरांनी केलेल्या लेखनाची. डिस्कवरून आलेला मजकूर होस्टच्या कर्नलने किंवा उपकरणाने त्या पानावर परस्पर लिहिला तर केव्हीएमला त्याचा पत्ताही नसतो. ते पान बदलल्याची नोंद अनमॅप करताना क्यूईएमयूनेच करायची असते, व्हर्टआयओची कामे क्यूईएमयूबाहेर परस्पर उरकणाऱ्या व्हीहोस्टला त्यासाठी स्वतंत्र वही राखावी लागते, आणि थेट गेस्टच्या हवाली केलेल्या उपकरणांसाठी आयओएमएमयूमध्येच, म्हणजे उपकरणांचे पत्ते भाषांतरित करणाऱ्या घटकातच, बदललेल्या पानांची नोंद ठेवण्याची सोय अलीकडच्या काळात करावी लागली. ही नोंद चुकली तर होस्टचे काहीही बिघडत नाही. दुसऱ्या होस्टवर जागा झालेला गेस्ट मात्र डिस्कचा जुना मजकूर नवा समजून त्यावर व्यवहार करतो. पहिली जबाबदारी चोख सांभाळून दुसरीत नापास होणे म्हणतात ते हेच. म्हणून स्थलांतराच्या अखेरच्या टप्प्यात प्रोसेसर थांबवल्यानंतर मार्गस्थ असलेले प्रत्येक काम संपेपर्यंत क्यूईएमयू वाट पाहतो, आणि मगच शेवटची पाने रवाना करतो. अॅमेझॉनचा फायरक्रॅकर, ज्याची ओळख पुढे येते, तोही स्नॅपशॉट घेण्यापूर्वी हेच करतो.

पान जखडण्याची कथा कर्नलच्या बाजूने पाहिली तर अधिकच गुंतागुंतीची आहे, पण तिचे मर्म एका उदाहरणात येते. कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ साली वर्णिलेल्या बलूनच्या युक्तीत गेस्टमधील एक ड्रायव्हर मेमरी मागून घेतो आणि ती पाने होस्टला परत करतो. होस्ट त्या पत्त्यांमागची खरी पाने सोडून देतो, आणि गेस्टने पुन्हा स्पर्श केल्यास तेथे कोरे पान पुरवतो. परंतु एखादे खरे उपकरण गेस्टच्या हवाली केले असेल तर त्याच्यासाठी गेस्टची सारी पाने आधीच जखडलेली असतात. अशा वेळी पान सोडून दिले तरी ते मुक्त होत नाही, उपकरण जुन्याच पानावर लिहीत राहते, आणि प्रोसेसर मात्र त्याच पत्त्यावर नवे कोरे पान पाहतो. हंडा उचलून त्याच्या जागी दुसरा ठेवला तरी नळ पहिल्यातच पडत राहावा, असा हा विपरीत प्रकार. म्हणून अशा मशीनमध्ये बलूनला क्यूईएमयू सरळ मज्जाव करतो. प्रोसेसने स्वतःची प्रतिकृती काढली असता, म्हणजे फोर्क केला असता, थेट वाचनाच्या मार्गात असलेल्या खासगी पानांचे असेच होऊ शकते. लिनक्सच्या नियमपुस्तिकेत तशी ताकीद आहे, आणि गेस्टची मेमरी प्रतिकृतीत उतरू नये अशी खूण क्यूईएमयू आधीच करून ठेवतो. नुसती पानाची नोंद हाताळण्यासाठी धरलेले पान आणि त्यातील मजकूर वाचण्या-लिहिण्यासाठी जखडलेले पान हे कर्नलला वेगळे ओळखता यावे, म्हणून २०२० साली त्यासाठी निराळी फलनेच निर्माण झाली.

या सर्व शिस्ती लेखकाच्या स्मरणावर न सोडता कंपायलरच्या पहाऱ्याखाली आणता येतील काय, या प्रश्नाने गेल्या काही वर्षांत जोर धरला तो रस्ट भाषेमुळे. गुगलचा क्रॉसव्हीएम, त्यातून निघालेला आणि २०१८ च्या नोव्हेंबरात खुला झालेला अॅमेझॉनचा फायरक्रॅकर, आणि त्यांच्या सामायिक भागांसाठी उभा राहिलेला रस्ट-व्हीएमएम हा उपक्रम, ही त्याची फळे. रस्टचा मूळ कायदा असा की, एखाद्या जागेचा लिहिण्याजोगा ताबा एका वेळी एकाकडेच असावा, आणि कोणी नुसते वाचत असेल तर तोवर ती जागा बदलू नये. गेस्टची मेमरी या कायद्यात मुळीच बसत नाही, कारण गेस्टचे प्रोसेसर रस्टचा कायदा मानत नाहीत; तिला साधा संदर्भ म्हणून हाताळले तर कंपायलर पुन्हा तेच ‘मध्येच बदलत नाही’ हे गृहीत धरणार आणि दुहेरी वाचनाचा दोष मागल्या दाराने घरात येणार. त्यामुळे या प्रकल्पांनी गेस्टच्या मेमरीकडे फक्त व्होलाटाइल तुकड्यांतून, म्हणजे केव्हाही बदलू शकणारी जागा या स्पष्ट कबुलीने, पाहण्याची वहिवाट पाडली. आणि मेमरीचा नकाशा बदलू शकतो तेथे तो संदर्भ-गणनेच्या आड ठेवून, जुन्या धारकाच्या हातातील प्रत शाबूत राखून, नवा नकाशा एका फटक्यात पुढे करण्याची व्यवस्था केली. क्यूईएमयूने आरसीयूच्या साह्याने साधले तेच हे, पण येथे ते टाळून पुढे जाणे कठीण केलेले आहे.

खरी परीक्षा झाली ती असिंक्रोनस कामांच्या वेळी. येन्स अॅक्सबो यांची आयओ-यूरिंग ही कर्नलकडे असिंक्रोनस हुकूम सोपवण्याची रचना २०१९ च्या मे महिन्यात लिनक्स ५.१ मध्ये आली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रस्टमधील असिंक-अवेट ही असिंक्रोनस कामे लिहिण्याची सोय स्थिर झाली. दोन्ही एकत्र नांदतील असे सर्वांनाच वाटले. पण रस्टमध्ये चालू असलेले असिंक्रोनस काम, म्हणजे फ्यूचर, हे केव्हाही टाकून देता येते, आणि टाकले की त्याने घेतलेली बफरची उसनवारी संपली असे कंपायलर मानतो; उलट कर्नलच्या हाती गेलेला हुकूम फ्यूचर टाकल्याने परत येत नाही, तो त्याच पत्त्यावर यथावकाश लिहितोच. मध्यंतरी ती जागा दुसऱ्या कामास लागली असेल तर त्या दुसऱ्या कामाचा नाश. त्यातही एक सूक्ष्म भेद आहे : थेट डिस्कवरील वाचन असेल तर कर्नलने मूळ पाने आधीच धरून ठेवलेली असतात आणि ती पाने काढून तोच पत्ता नव्या पानांना दिला तर लेखन त्या बेवारशी पानांवर होऊन विरते, पण कॅशमार्गे होणारे वाचन कर्नलच्या मदतनीस थ्रेडकडे गेले असेल तर ते लेखनाच्या क्षणी त्या पत्त्यावर जे असेल त्यावर होते. फ्यूचर टाकताना नाशकर्माच्या वेळी थांबून पावतीची वाट पाहावी, हा सुचणारा पहिला उपायही लंगडा. कारण रस्टमध्ये एखादी वस्तू नाश न करता विसरून जाणे हे सुरक्षित कर्म मानले गेले आहे, आणि मग ते वाट पाहणे घडतच नाही.

क्रॉसव्हीएमने काढलेला मार्ग मला या सर्वांत अधिक प्रामाणिक वाटतो. तेथे असिंक्रोनस वाचनास पॉइंटर दिलाच जात नाही. गेस्ट मेमरीची समग्र वस्तू संदर्भ-गणनेने सुपूर्द केली जाते, आणि सोबत ‘या अंतरापासून एवढ्या बाइटांपर्यंत’ असा तपशील. ती वस्तू आणि संबंधित फाइल या दोहोंचा एक-एक संदर्भ आयओ-यूरिंगचा कारभार पाहणारा भाग स्वतःच्या दफ्तरी जमा करून घेतो. फ्यूचर टाकले गेले तर कामावर ‘रद्द’ असा शेरा मारतो, कर्नलला तसे कळवतो, पण संदर्भ सोडतो तो कर्नलची पावती आल्यावरच. म्हणजे ताब्याची मुदत मागणाऱ्याच्या इच्छेशी नव्हे, तर पावतीशी बांधली गेली. शिवाय ज्या मेमरीवर कर्नलने वाटेल तेव्हा लिहिले तरी रस्टच्या गृहीतांना बाधा येत नाही, अशीच मेमरी येथे चालते, हे लेखकाला ‘असुरक्षित’ या शब्दाखाली सही करून सांगावे लागते. यात अकार्यक्षमता थोडी आहे, संदर्भ-गणनेचा खर्च आहे, आणि ज्यांना प्रत्येक नॅनोसेकंद मोजायचा आहे ते आधीच नोंदवलेल्या, कायम जखडलेल्या बफरांकडे वळतात. तो खर्च मला रास्त वाटतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, की या रचनेने होस्टची मेमरी सुरक्षित झाली; गेस्टने रद्द केलेल्या वाचनाचा मजकूर गेस्टच्याच नव्या मजकुरावर येऊन पडण्याचा धोका तिने टळत नाही.

गोपनीय व्हर्च्युअल मशीनच्या आगमनाने विश्वासाची दिशाच उलटली, त्या बदलाचा उल्लेख थोडक्यात करतो. एएमडीच्या एसईव्ही किंवा इंटेलच्या टीडीएक्स या रचनांत गेस्टची मेमरी होस्टपासूनच राखलेली असते. उपकरणांशी बोलण्यासाठी गेस्ट काही पाने उघडी ठेवतो आणि प्रत्येक मजकुराची त्या पानांमार्गे ने-आण करतो. ज्या नकलेचा खर्च टाळण्यासाठी इतका खटाटोप झाला तीच नक्कल येथे सक्तीची झाली, आणि तिच्याबरोबर मजकूर मध्येच बदलण्याची भीतीही एका बाजूस बरीच ओसरली. पण आता दुहेरी वाचनापासून सावध राहण्याची पाळी गेस्टवर आली. लिनक्समधील व्हर्टआयओ ड्रायव्हर काम संपल्यावर अनमॅप करण्यासाठी पत्ता आणि लांबी पुन्हा सामायिक रांगेतूनच वाचून घेई. होस्ट विश्वासू होता तोवर ते खपले, २०२१ मध्ये मात्र हा तपशील गेस्टच्या खासगी जागेत स्वतंत्र ठेवण्यात आला.

रद्द करण्याचा प्रश्न अखेर तसाच उरतो, आणि मला वाटते तो उरणारच. आयओ-यूरिंगला एखादे काम रद्द करण्यास सांगितले तर तीन उत्तरे संभवतात : रद्द झाले, असे काम सापडले नाही, म्हणजे बहुधा ते आधीच पुरे झाले, किंवा काम सुरू झालेले आहे, थांबेल न थांबेल. डिस्कच्या बाबतीत तिसऱ्या उत्तरातून सुटका नाही. व्हर्टआयओच्या प्रमाणग्रंथाप्रमाणे गेस्टने उपकरणाच्या स्टेटसमध्ये शून्य लिहिले की रीसेट मागितला जातो, आणि स्टेटस वाचल्यावर शून्य दिसले की उपकरण यापुढे गेस्टच्या मेमरीला हात लावणार नाही असे समजून ड्रायव्हर ती पाने इतरत्र वापरतो. तेव्हा होस्टने शून्य दाखवण्यापूर्वी सर्व मार्गस्थ कामांची पावती मिळवली पाहिजे; आणि ती कामे प्रतिसाद न देणाऱ्या एनएफएस सर्व्हरवर अडकली असतील तर पावती केव्हा येईल हे कोणीच सांगू शकत नाही. क्यूईएमयू अशा वेळी काम संपेपर्यंत थांबतो, आणि तो थांबला की गेस्टचा प्रोसेसरही त्याच्याबरोबर थबकतो. व्यवस्थापकाला मशीन मेल्यासारखे दिसते व तो ते बळाने बंद करतो. शून्य लगेच दाखवून मोकळे होणारी रचना दिसायला चपळ, पण तिने गेस्टच्या मेमरीवर एक बेवारस लेखन सोडलेले असते. तिसरी वाट प्रमाणग्रंथाने मोकळी ठेवलेली आहे : पावत्या येईपर्यंत स्टेटस शून्येतरच दाखवत राहायचे आणि प्रोसेसरला मात्र चालू द्यायचे. लिनक्समधील व्हर्टआयओचा पीसीआयसाठीचा ड्रायव्हर शून्य दिसेपर्यंत एक-एक मिलिसेकंद झोप घेत फिरून फिरून पाहत राहतो, त्यामुळे त्याच्याकडून या वाटेला हरकत नाही. मात्र त्यासाठी उपकरणाच्या बाजूने रीसेट हे एका दमात उरकायचे काम न मानता इतर कामांसारखेच असिंक्रोनस मानून लिहावे लागेल.